पाठीवरची थाप

समरजित इंगवलेच्या पाठीत पहिली थाप बसली तेव्हा त्याने दचकून मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तांबडी धावपट्टी, कडेला पाण्याचं पिंप आणि पिंपाच्या झाकणावर बसलेला कावळा, एवढंच. तो वळून पाहीपर्यंत त्याच्या हातांनी मात्र चाकं रेटली होती. शर्यतीची तीनचाकी खुर्ची जागची सुटली होती आणि प्रशिक्षक नलावडे उस्ताद कडेने पळत ओरडत होते, "मागं काय बघतोस? पुढं बघ."

हात आपले, खुर्ची आपली, मग निघालं कोण, हे त्याला कळेना. वळणापर्यंत पोचला तेव्हा त्याच्या तोंडाला कोरड पडली होती. आनंद वगैरे काही झाला नव्हता. सरळ सांगायचं तर तो घाबरला होता. त्याआधीची तीन वर्षं हा माणूस खिडकीपासून हललेला नव्हता.

समरजित फौजेत हवालदार होता. सीमेवरच्या गस्ती आता बहुतेक यंत्रंच घालतात. पायी गस्त घालणाऱ्या शेवटच्या काही तुकड्यांपैकी एक त्याची. बर्फाखालच्या जुन्या सुरुंगाने त्याचे दोन्ही पाय अर्ध्या मांडीपासून नेले आणि त्याच्या पुढे चालणारे दोघे जवान जागीच गेले. साताऱ्यात माजी सैनिकांच्या वसाहतीतल्या घरी तो परतला, बाहेरच्या खोलीतल्या खिडकीशी बसला आणि बसूनच राहिला. अंगात ताकद नव्हती असं म्हणायची सोय नव्हती. दोरावर सरसर चढणारे हात तसेच होते. ताट समोर आलं की तो जेवायचा, ताट उचललं की बाहेर बघायचा.

अगदी सुरुवातीला एकदा त्याची बायको वृषाली त्याला संकल्प क्रीडा केंद्रावर घेऊन गेली होती. अपघातात, आजारपणात, लढाईत हातपाय गमावलेली माणसं तिथे खेळायला येत. समरजित त्या दिवशीच्या शर्यतीत सगळ्यांच्या पाऊण फेरी मागे राहिला. शेवटची रेघ ओलांडली तर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एका बाईने तर डोळे पुसले.

"फौजेत शेवटी आलो असतो तर उस्तादांनी आणखी दोन फेऱ्या मारायला लावल्या असत्या," तो घरी येऊन म्हणाला. "शिव्या घातल्या असत्या. इथं टाळ्या वाजवतात." त्यानंतर त्याने केंद्राचं नाव घरात काढू दिलं नाही.

वृषाली शाळेत खेळाची शिक्षिका. खो-खो शिकवायची, लग्नाआधी स्वतः राज्याच्या संघातून खेळलेली. बाई कशी, तर दूध वर यायच्या आत गॅसपर्यंत पोचणारी. मुलींना हाक मारली तर वसाहतीच्या फाटकापर्यंत ऐकू जायची. लग्नानंतरची सगळी वर्षं समरजित कुठल्या ना कुठल्या ठाण्यावर असल्यामुळे त्याने तिला खेळताना तर सोडाच, शिकवतानाही कधी पाहिलेलं नव्हतं. त्याला त्याचं काही विशेष वाटतही नसे.

असा माणूस मैदानावर आला तो डॉक्टर शबाना मुजावर यांच्यामुळे. या बाई मेंदूच्या शास्त्रज्ञ. एकच प्रश्न घेऊन त्या केंद्रात येऊन बसल्या होत्या. ज्यांच्या अंगात बळ आहे, ज्यांना खुर्ची मिळते, मैदान मिळतं, त्यांतले बहुतेक घरातच का बसून राहतात? त्यांनी कितीतरी माजी सैनिकांची आणि इतर अपंगांची डोकी यंत्राखाली घालून पाहिली. येणाऱ्यांच्या आणि न येणाऱ्यांच्या ताकदीत त्यांना काडीचा फरक सापडला नाही. फरक होता तो निघण्याच्या क्षणात.

आपलं डोकं कुठलंही काम करण्याआधी मनातल्या मनात घासाघीस करतं, असं त्या सांगत. उठून पाणी प्यायचं असलं तरी मेंदूच्या पुढच्या भागात एक सौदा होतो, की कष्ट किती आणि मिळणार काय. सौदा पटला की मेंदूच्या तळाशी एक ठिणगी पडते आणि माणूस हलतो. जखमी माणसाच्या बाबतीत कष्टाच्या पारड्यात नुसते स्नायूंचे कष्ट राहत नाहीत. लोकांच्या नजरा, जुन्या शरीराची आठवण, न मागता पुढे येणारे हात, सोबतचे गेले आणि आपण खेळतोय याची लाज, सगळं त्याच पारड्यात येऊन पडतं. सौदा पटत नाही, ठिणगी पडत नाही. बाहेरून बघणारे मात्र त्याला आळस म्हणतात किंवा हाय खाल्ली म्हणतात. उपदेशाने, बक्षिसाने, फार काय गोड बोलण्यानेही हे पारडं फारसं हलत नाही, हे डॉक्टरांनी पुरतं अनुभवलं होतं.

मग त्यांनी ठिणगीच बाहेरून द्यायची ठरवलं. आधी साठवलेल्या ठिणग्या देऊन पाहिल्या. पण आपणच आपल्याला गुदगुल्या केल्या तर हसू येत नाही, तसं मेंदू ती शिळी ठिणगी लगेच ओळखायचा आणि दुर्लक्ष करायचा. ताजी ठिणगी हवी, आणि ती जिवंत मेंदूतूनच यायला हवी. म्हणून त्यांनी सेतू बनवला. कानामागे कातडीखाली नखाएवढी पातळ चकती. एक घेणाऱ्याला, एक देणाऱ्याला. घेणाऱ्याच्या डोक्यात सौदा सुरू झाला की निरोप देणाऱ्याकडे जायचा, त्याच्या मेंदूत ठिणगी पडायची आणि ती इकडे पोचायची. दोघं एकमेकांपासून कितीही लांब असले तरी चालायचं. देणारा कोण हे सांगायचं नाही असा नियम होता, घेणाऱ्याला उपकाराचं ओझं नको म्हणून.

"देणाऱ्याचं काही कमी होतं का?" एवढं समरजितने विचारलं होतं.

"एका पणतीवर दुसरी लावली तर पहिलीचा उजेड कमी होतो का?" डॉक्टर म्हणाल्या होत्या. त्याला ते पटलं. त्याने मान हलवली ती खरं तर नाही म्हणण्याचा कंटाळा आला म्हणून. वृषाली त्या वेळी माहेरी इचलकरंजीला गेली होती.

चकती बसवली आणि पाठीत थाप बसू लागली. कधी मैदानावर, कधी सकाळी पांघरुणात, कधी अंघोळीला जायचं आहे पण जाववत नाही अशा वेळी. पाठीच्या डाव्या अंगाला, खांद्याच्या थोडी खाली, आणि ती बसली की थांबणं शक्यच नसायचं. देणाऱ्याच्या सवयीचा थोडा रंग ठिणगीत उतरतो, असं डॉक्टर म्हणाल्या. ती सवय कसली असावी हे त्यांना ठाऊक नव्हतं. समरजितला ते विचारायची गरजच वाटली नाही. त्याला ती ओळखीची होती. गस्तीत बोलायची बंदी असते. मागचा जवान पुढच्याच्या खांद्यावर हात मारतो, म्हणजे चल. फौजी माणसाला पाठीमागून आलेली थाप म्हणजे दुसरं काही सुचणारच नाही. कुठला तरी जवान, कदाचित आपल्याच पलटणीतला, लांब कुठेतरी बसून आपल्याला पुढे काढतो आहे अशी त्याची खात्री पटली, आणि त्या अनोळखी गड्यासाठी तो जीव तोडून सराव करू लागला. थाप पडली की मांड्या उगाच वर उचलल्या जायच्या, नसलेले पाय उठून पळू बघायचे. त्याचा अर्थही त्याने सोयीचा लावला, की पायांना गस्त आठवते.

वर्षभरात तो राज्यात पहिला आला. आशियाई स्पर्धेच्या संघात निवड झाली. वर्तमानपत्रात फोटो आला तेव्हा वसाहतीत पेढे वाटले गेले. या सगळ्यात वृषाली कुठे होती म्हणाल, तर घरातच होती.

आधी तिने सकाळी धावायला जाणं सोडलं. मग शाळेत रजा टाकू लागली, मग बिनपगारी रजेवर गेली. दूध उतू जाऊ लागलं. केस नीट बांधायचा तिला कंटाळा येऊ लागला. ते तसेच कानांवर मोकळे सोडलेले असत. थायरॉइडच्या गोळ्या झाल्या, रक्त तपासून झालं, काही निघालं नाही. समरजित चिडायचा. मी दोन पाय नसताना पहाटे उठतो आणि तुला धडधाकट असून काय झालंय, असं तो एकदा तिला म्हणाला. ज्या जवानाची थाप आपल्याला उठवते त्याच्याबद्दलही त्याने तिला भरभरून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पोळी हवी का म्हणून विचारलं.

एक दिवस शाळेच्या मुख्याध्यापिका बर्गे बाईंचा फोन आला. वृषालीचं सामान खेळाच्या खोलीत पडून आहे, नवीन बाई आल्या आहेत, कोणी येऊन नेईल का? वृषाली बघू म्हणाली आणि तशीच बसून राहिली. समरजित वैतागून स्वतःच निघाला.

शाळेच्या मैदानावर मुलींचा सराव चालला होता. दोन खांबांच्या मधल्या रेघेवर आठ मुली उकिडव्या बसलेल्या, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी मुलगी पळणाऱ्या मुलींचा पाठलाग करत होती. बर्गे बाई येईपर्यंत समरजित कडेला खुर्ची लावून बघत बसला. पाठलाग करणारी मुलगी दमली, एका बसलेल्या मुलीमागे आली, तिच्या पाठीत डाव्या अंगाला, खांद्याच्या थोडं खाली, हात मारला आणि ओरडली, "खो."

बसलेली मुलगी उसळून उठली आणि खुर्चीत समरजितही उसळला. त्याच्या मांड्या वर उचलल्या गेल्या, तोल गेला, हात चाकावर आपटला. त्याने कसंबसं सावरलं. पुन्हा खो झाला, पुन्हा तेच. ही त्याची थाप होती. तीच जागा, तोच जोर, आणि उठून पळायची तीच घाई. गस्तीतली थाप खांद्यावर पडते, पाठीत नाही, हे त्याला इतक्या महिन्यांत एकदाही आठवलं नव्हतं.

तरीही थोडा वेळ त्याचं मन मानेना. खो-खो खेळणारे जवान काय कमी आहेत, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पण डोळे समोरचा खेळ बघत होते, आणि आता त्याला दिसलं ते शाळेत असताना हजारदा पाहूनही कधी ध्यानात आलं नव्हतं. जिला खो मिळतो ती उठते, आणि जिने खो दिला ती लगेच तिच्या जागी खाली बसते. खेळाचा नियमच तसा आहे.

बाहेरच्या खोलीतल्या खिडकीशी आता कोण बसतं हे त्याला कोणी सांगायला नको होतं. सामान न घेताच तो निघाला.

वृषाली तिथेच होती. त्याने काही न विचारता तिच्या कानावरचे केस बाजूला केले. कानामागे त्याच्या कानामागे होता तसाच बारीक व्रण होता. तिने मान हलवली नाही की त्याचा हात झटकला नाही. पूर्वीची वृषाली असती तर हात आधी आणि प्रश्न मागाहून आला असता.

"तू आहेस होय?" तो म्हणाला.

"हो."

मैदानावरून इथवर येताना त्याने बरंच काही म्हणायचं ठरवलं होतं. शेवटी त्याने विचारलं, "हे काढून टाकू का?"

"काढा."

"का स्पर्धा होईपर्यंत राहू दे?"

"राहू दे."

त्याला वाटलं ती टोमणा मारते आहे. त्याने वाकून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता, राग नव्हता, काहीच नव्हतं. "वृषाली, तुला काय पाहिजे?" त्याने विचारलं. ती विचार करायला लागली. अवघड गणित घातल्यासारखी तिच्या कपाळाची शीर ताणली गेली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "काही नको. जेवायचं असेल तर वाढते."

समरजित तसाच केंद्रावर गेला. डॉक्टर मुजावर त्यांच्या खोलीत होत्या. काचेतून मैदान दिसत होतं. तो आत शिरला आणि त्याचं तोंड जे सुटलं ते सुटलं. एवढा मोठा आवाज त्याने फौजेतही कोणावर काढला नव्हता. डॉक्टरांनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. वृषाली आपण होऊन आली होती, त्या म्हणाल्या; दोनदा परत पाठवली तरी आली होती, आणि तुम्हाला कळू द्यायचं नाही ही तिची अट होती. मुळात देणारा अनोळखी असतो ही लोकांना सांगायची गोष्ट होती. परक्या माणसाची ठिणगी मेंदू घेतच नाही, परतवून लावतो. एका छपराखाली राहणाऱ्या आपल्या माणसाचीच घेतो.

"आणि पणती?" समरजितने विचारलं.

ठिणगी पडायला जे रसायन लागतं ते रोज ठरावीकच तयार होतं, त्या म्हणाल्या. सुरुवातीला फरक दिसत नव्हता. तुमचा सराव वाढला तसे तिचे आकडे घसरायला लागले. ते त्यांनी पाहिले होते. स्पर्धेनंतर सराव कमी झाला की भरून निघेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. शास्त्रज्ञ बाईनेही अशी थाप मारावी, आणि ती आधी स्वतःलाच मारावी, याचं समरजितला त्या रागातही नवल वाटलं.

तेवढ्यात आवाज ऐकून उस्ताद आत आले. काय झालं ते ऐकून तेही हबकले, पण स्पर्धा तोंडावर होती. एवढी एक शर्यत होऊ दे आणि मग काढ, असं ते म्हणाले. डॉक्टरही तेच म्हणाल्या. तुम्ही जिंकलात तर सेतूला सरकारी मान्यता मिळेल, घरोघरी खिडकीशी बसलेले हजारो लोक बाहेर पडतील. देणाऱ्यांची काळजी घेता येईल, आळीपाळीने माणसं बदलता येतील. बोलणं खोटं नव्हतं. आणि समरजितलाही ती शर्यत हवी होती, अगदी पोटातून हवी होती. एका महिन्याचा तर प्रश्न आहे, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला.

त्याने काचेबाहेर नजर वळवली. धावपट्टीवर इतर खेळाडूंचा सराव चालला होता. खुर्च्या वाऱ्यासारख्या सुटत होत्या. कडेच्या लांब बाकावर त्यांच्या घरची माणसं बसली होती. कोणाची आई, कोणाचा भाऊ, कोणाची बायको. ही मंडळी टाळ्या वाजवत नाहीत म्हणून समरजितला ती पहिल्यापासून आवडायची. कीव करत नाहीत, शहाणी आहेत, असं त्याला वाटायचं. आता त्याने त्यांचे चेहरे पाहिले. एका म्हातारीच्या चपलेवरून मुंग्यांची रांग चालली होती आणि तिचं लक्षही नव्हतं. कोणाचाच हात हलत नव्हता. त्यांना टाळ्या वाजवाव्याशा वाटतच नव्हत्या.

"काढा," तो वळून म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"तुम्ही आत्ता ज्या जोरावर माझ्याशी भांडताय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "तो जोर कोणाचा आहे, इंगवले?"

समरजित गार पडला. तीन वर्षांत ज्याने स्वतःचं ताट उचललं नाही तो माणूस आज शाळेतून घरी, घरून इथे, एवढा धावला होता. संतापला होता, ओरडला होता. त्यातलं त्याचं काय होतं? घरी जिच्यापाशी बोलायलाही काही उरलं नव्हतं, ती इथे त्याच्या तोंडून ओरडत होती.

"मग तीच सांगते आहे असं समजा," तो म्हणाला. "पण आत्ता काढा. उद्यावर टाकलंत तर मला परत यावंसं वाटेल की नाही, कोण जाणे."

डॉक्टरांनी त्याच दिवशी दोघांच्या चकत्या काढल्या. बाकावरच्या सगळ्यांना खरं काय ते सांगायचंही त्यांनी कबूल केलं, आणि सांगितलं. काहींनी सेतू काढला. म्हातारीने नाही काढला. मुलगा अंथरुणाला खिळलेला तिने बघितला होता; माझं काय आता, राहू दे, असं ती म्हणाली. हे तिचं मत की चकतीचं, ते डॉक्टरांनाही सांगता येईना.

पुढचे दिवस कसे गेले ते समरजितला सांगता आलं नसतं. पाठ मुकी झाली होती. वृषालीची ठिणगी लगेच परत येणार नव्हती, त्याची तर आधीपासूनच नव्हती. एका घरात दोन माणसं, आणि दोघांनाही उठवत नसे. त्याला फक्त एवढं कळत होतं की तिने काहीतरी खाल्लं पाहिजे. तेवढ्यासाठी तो पलंगावरून खुर्चीत येई, वाटेत कितीदा तरी थांबे, आणि कुकर लावी. भात कधी कच्चा राही, कधी करपे. ती निमूट खायची, तोही खायचा. संघातून त्याचं नाव गेलं हे त्याला उस्तादांनी सांगितलं तेव्हा त्याने बरं म्हटलं.

मग एका सकाळी दारात आरडाओरडा ऐकू आला. वृषाली दूधवाल्याला फैलावर घेत होती. दुधात पाणी आहे का पाण्यात दूध, असं तिने विचारलेलं फाटकापर्यंत ऐकू गेलं असणार. समरजित पांघरुणात पडल्या पडल्या रडला.

त्यानंतर ती भराभर सावरली. आठवड्याभरात केस बांधून, बॅग भरून ती त्याच्यासमोर उभी राहिली. इचलकरंजीला मुलींच्या क्रीडा वसतिगृहात प्रशिक्षक हवी होती, तिने हो कळवलं होतं. शेजारच्या काकू दोन वेळचा डबा देतील, तेही ठरवून झालं होतं.

"परत कधी येणार?" त्याने विचारलं.

"ते मला अजून वाटलेलं नाही," ती म्हणाली. "वाटलं की सांगेन." वाटलं हा शब्द तिने सावकाश, चव घेतल्यासारखा उच्चारला आणि ती गेली.

समरजित नुसता बघत राहिला. जिचं तिला परत दिलं, तर त्यातून तिने पहिलं काय केलं? तर निघून गेली. त्याला हे सुचलंच नव्हतं. ती बरी होईल, पूर्वीसारखी होईल, इथवर त्याने विचार केला होता. बरी झालेली बाई काय करेल ते तिचं तीच ठरवणार, एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. तो बसून राहिला. पोटात काहीतरी तापत होतं. भूक असेल असं त्याला आधी वाटलं. मग कळलं की तो राग आहे. असं कसं गेली? मी काही बोलायच्या आत कशी गेली?

स्टँडवर जायचा रस्ता सगळा चढाचा. शर्यतीची खुर्ची केंद्रातच राहिली होती. घरातली जड खुर्ची घेऊन तो निघाला. हातमोजे विसरला ते निम्म्या चढावर ध्यानात आलं. महिनाभर सराव नव्हता, दंड भरून आले, तळहात सोलवटले. दोघा-तिघांनी ढकलू का म्हणून विचारलं, त्यांच्यावर तो खेकसला. मनातल्या मनात तो वृषालीला काय काय सुनवायचं ते जुळवत होता, आणि ते सुनवायची त्याला इतकी घाई झाली होती की चढ कधी संपला ते कळलं नाही.

इचलकरंजीची गाडी लागलेली होती. वृषाली खिडकीशी बसली होती. तिने त्याला येताना पाहिलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. तिने त्याच्या तळहातांकडे पाहिलं, मागे त्याला कोणी आणून सोडलं आहे का तेही पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"भांडायला आलोय," तो धापा टाकत म्हणाला.

तिने खिडकीची काच पूर्ण सरकवली. "मग भांडा," ती म्हणाली. "गाडी सुटायला अवकाश आहे."

"मला न विचारता केलंस."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

"काही म्हणालो नसतो."

"तेच तर. आणि तुमची कीव आली म्हणून नाही केलं मी. कंटाळा आला होता. ताट ठेवायचं, ताट उचलायचं. म्हटलं, आपल्यातलं थोडं द्यावं आणि मोकळं व्हावं. सगळंच जाईल हे कुठं माहीत होतं?"

असं कडू बोलणं सुरुंगापासून आजवर त्याला कोणी ऐकवलं नव्हतं. त्याला धक्का बसला तो या गोष्टीचा, की ते ऐकून त्याची छाती मोकळी झाली. "म्हणून आता मला टाकून निघालीस होय?" त्याने आवाज चढवला.

"निघाले. माझ्या मनात आलं, मी निघाले. तुमच्या मनात काय आहे ते तुम्ही बघा. माझ्या तोंडाकडे बघून ठरवू नका."

"आणि तो करपलेला भात महिनाभर कोणी घातला तुला?"

"त्याला चव होती का काही?"

गाडीतली माणसं मान काढून ऐकत होती. पुढच्या बाकावरचा माणूस फोन बंद करून सरसावून बसला. मागच्या एक आजी वृषालीच्या बाजूने बोलायला लागल्या, त्यांच्या शेजारचा पागोटेवाला समरजितच्या बाजूने. समरजितला कोणाचंही भान नव्हतं. मुद्द्यावर मुद्दा सुचत होता. लग्नातलं निघालं, तिच्या भावाचं निघालं, सुट्टीत घरी आल्यावर तो झोपूनच कसा राहायचा तेही तिने काढलं. दोघांचेही आवाज स्टँडभर जात होते.

गाडी विजेवरची झाली तरी कंडक्टरने दोरी ओढूनच घंटी दिली. गाडी हलली. समरजितचं वाक्य अर्धवट राहिलं. वृषालीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तिचा चेहरा रागाने लालभडक झाला होता.

"राहिलेलं रविवारी," ती ओरडून म्हणाली. "मी येते. तयारीत राहा."